मोबाइलमधला फोटो दुसऱ्या ॲपवरून पाठवताना: शेअरच्या बटणापासून मूळ फाइलपर्यंत

फोटो पाठवण्याआधी एकच गोष्ट ठरवायची असते: समोरचा या फोटोचं काय करणार आहे? तो नुसता बघणार असेल तर कसाही पाठवा, चालतं. छापणार असेल तर त्याला मूळ फाइल लागते. अर्जाला जोडणार असेल तर अक्षर न् अक्षर वाचता आलं पाहिजे आणि नको ती माहिती त्यातून जाता कामा नये. मी झेरॉक्स, लॅमिनेशन आणि फोटो प्रिंटचं दुकान चालवतो. लोक फोटो घेऊन येतात म्हणजे हल्ली दुकानाच्या नंबरवर पाठवतात, आणि निम्मी कामं फोटो चुकीच्या वाटेनं आल्यामुळे अडतात. फोन चांगला, फोटो चांगला, पण पोचला तो धुरकट. ज्यांनी नुकताच स्मार्टफोन हातात घेतला आहे त्यांच्यासाठी ही सगळी वाट पहिल्यापासून सांगतो.

शेअरचं बटण ओळखा

अँड्रॉइड फोनवर शेअरचं चिन्ह म्हणजे दोन रेघांनी जोडलेले तीन ठिपके. आयफोनवर एक चौकोन असतो आणि त्यातून वर निघालेला बाण. एकाखाली एक असे उभे तीन ठिपके दिसले तर तो शेअर नव्हे, तो मेनू. पण काही ॲपमध्ये शेअरचा पर्याय त्या मेनूच्या आत ठेवलेला असतो, म्हणून चिन्ह कुठेच दिसलं नाही तर उभ्या ठिपक्यांवर टॅप करून बघा.

आता एक फोटो पाठवू. उदाहरण व्हॉट्सॲपचं घेतो, कारण बहुतेकांचं काम त्याच्यावरच चालतं. टेलिग्राम, सिग्नल, जीमेल या सगळ्यांची सुरुवात हीच.

१. गॅलरीत जाऊन फोटोवर टॅप करा, म्हणजे तो पूर्ण स्क्रीनवर उघडेल. आधी नीट बघून घ्या. हलला असेल, अंगठा आला असेल तर पाठवण्याआधीच दुसरा काढा.

२. शेअरच्या चिन्हावर टॅप करा. खालून एक पट्टी वर येईल. तिच्यात वरच्या ओळीत ज्यांच्याशी तुमचं अलीकडे बोलणं झालं त्यांचे गोल फोटो असतात आणि खाली ॲपची चिन्हं. नवीन माणसानं वरच्या ओळीला हात लावू नये. ती ओळ सोयीसाठी आहे, पण तिच्यातली माणसं जागा बदलत राहतात आणि सवयीनं बोट भलत्याच माणसावर पडतं.

३. खालच्या ओळीतून व्हॉट्सॲप निवडा. दिसत नसेल तर शेवटी ‘आणखी’ असा पर्याय असतो, त्यात सापडेल.

४. नाव शोधा आणि निवडा. निवडलेलं नाव स्क्रीनच्या तळाशी पट्टीवर येतं. ते वाचा. फोनमध्ये दोन-तीन संतोष असतात, एक प्लंबर, एक मेव्हणा, एक ऑफिसातला.

५. बाणावर टॅप केलं की फोटो पुन्हा मोठा दिसतो आणि खाली लिहायला जागा मिळते. इथे एक ओळ जरूर लिहा. ‘४ कॉपी, पासपोर्ट साइज’ किंवा ‘आईचं रेशनकार्ड, मागचं पान’. नुसता फोटो आला की समोरच्याला फोन करून विचारावं लागतं.

६. पाठवण्याचं बटण दाबा. फोटोखाली घड्याळाचं चिन्ह असेपर्यंत तो तुमच्याच फोनमध्ये आहे. एक टिक आली की निघाला, दोन आल्या की समोरच्याच्या फोनवर पोचला.

जास्त फोटो पाठवायचे असतील तर गॅलरीत पहिल्या फोटोवर बोट दाबून धरा. त्यावर खूण आली की बाकीच्या फोटोंवर नुसतं टॅप करत जा आणि शेवटी एकदाच शेअर करा.

या सगळ्यात तुमचा फोटो गॅलरीतून हलत नाही. गॅलरी दुसऱ्या ॲपला तेवढाच फोटो वाचण्याची परवानगी देते आणि ते ॲप त्याची प्रत करून पाठवतं. पाठवल्यावर तुम्ही गॅलरीतला फोटो कापलात, उजळ केलात किंवा काढून टाकलात, तरी पोचलेल्या प्रतीत काही बदल होत नाही. म्हणून कापाकापी करायची ती आधी.

फोटो दिसतो, पण व्हॉट्सॲपमध्ये सापडत नाही

दुकानात ही तक्रार फार ऐकतो. तिची कारणं बहुतेक वेळा दोन.

पहिलं कारण परवानगीचं. तुम्ही गॅलरीतून शेअर न करता व्हॉट्सॲपच्या आतून, पिनच्या चिन्हावरून फोटो निवडायला गेलात, तर व्हॉट्सॲपला तुमच्या फोटोंची परवानगी लागते. आयफोनवर २०२० साली आलेल्या आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइडवर २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून ‘फक्त निवडलेले फोटो’ अशी अर्धी परवानगी देता येते. सोय चांगली आहे. पण एकदा ती दिली की नंतर काढलेले फोटो त्या ॲपला दिसतच नाहीत आणि माणसाला वाटतं फोन बिघडला. सेटिंग्जमध्ये ॲपच्या नावावर जाऊन ‘परवानग्या’ उघडा, फोटोंची परवानगी बघा. किंवा वर सांगितलेली वाट धरा: गॅलरीतून शेअर करा. त्या वाटेनं अशी परवानगी लागतच नाही, कारण तुम्ही स्वतः तो एक फोटो हातात देत असता. अनोळखी ॲपच्या बाबतीत तर मी हेच सांगतो. सगळी गॅलरी कुणालाही उघडी करून देऊ नका.

दुसरं कारण गुगल फोटोज. त्यात ‘जागा मोकळी करा’ असा पर्याय आहे. तो वापरला की बॅकअप झालेले फोटो फोनमधून निघून जातात आणि फक्त तुमच्या गुगल खात्यात राहतात. गुगल फोटोज उघडलं की ते दिसतात, कारण ते इंटरनेटवरून दाखवले जातात; फोनमध्ये मात्र नसतात. असा फोटो गुगल फोटोजमध्येच उघडून तिथून शेअर करा. आधी तो खाली उतरतो, थोडा वेळ चाक फिरतं, त्यासाठी नेट चालू लागतं. चाक फिरत असताना पुन्हा पुन्हा टॅप करू नका.

गुगल फोटोजमध्ये शेअर केल्यावर कधी फोटोऐवजी नुसती लिंक तयार होते, तीही बघून घ्या. लिंक म्हणजे फोटो नव्हे, फोटोचा पत्ता. ज्याच्या हाती ती लिंक लागेल त्याला फोटो दिसतो, आणि तुम्ही शेअरिंग बंद करेपर्यंत दिसत राहतो. लग्नाचे पाचशे फोटो नातेवाइकांना द्यायचे असतील तर लिंक किंवा शेअर केलेला अल्बम हाच मार्ग बरा, एकेक फोटो पाठवून सगळ्यांच्या फोनची जागा कशाला भरायची? कागदपत्राला मात्र लिंक नको. आयफोनवरून आयक्लाउडची लिंक पाठवली तर ती ३० दिवसांनी बंद होते, म्हणून ज्याला फोटो ठेवायचा आहे त्यानं आधीच उतरवून घ्यायचा.

फोटो लहान का होतो

आता मुख्य मुद्दा. साध्या १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा (पिक्सेल म्हणजे ज्यांनी फोटो बनतो ते बारीक ठिपके) असतो आणि फाइल तीन ते पाच एमबीची. तो व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप त्याला आवळतं. लांब बाजू साधारण दीड-दोन हजार पिक्सेलवर येते आणि फाइल काहीशे केबीची होते (एक एमबी म्हणजे साधारण हजार केबी). यात व्हॉट्सॲपचं चुकत नाही. नेट कमी लागावं, फोटो पटकन पोचावा म्हणून हे केलेलं आहे, आणि मोबाइलच्या स्क्रीनवर बघायला तेवढं पुरतं.

छपाईचा हिशेब वेगळा. चांगल्या प्रिंटसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरतात. सहा बाय चारचा फोटो छापायला १८०० बाय १२०० पिक्सेल हवेत. व्हॉट्सॲपवरून आलेला १६०० पिक्सेलचा फोटो या मापाला जेमतेम बसतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण वडिलांचा फोटो १८ बाय १२ च्या फ्रेममध्ये लावायचा झाला की तेच १६०० पिक्सेल १८ इंचांवर पसरतात. इंचाला नव्वदसुद्धा पडत नाहीत. मग मिशा आणि ओठ एक होतात, चष्म्याची कड दातेरी दिसते. मशीन कितीही महाग असो, फाइलमध्ये जे नाही ते कागदावर येत नाही. घरात कुणी गेलं की लोक असा फोटो घेऊन येतात. घाई असते, मनःस्थिती ठीक नसते, आणि मूळ फोटो ज्याच्या फोनमध्ये आहे तो नातेवाईक परगावी. अशा वेळी त्या नातेवाइकाला फोन लावून पुढची वाट सांगायची.

मूळ फाइल पाठवायची वाट

ज्या माणसाला किंवा दुकानाला पाठवायचं त्याचं चॅट व्हॉट्सॲपवर उघडा. लिहिण्याच्या जागेशेजारी अँड्रॉइडवर पिन असते, आयफोनवर अधिकचं चिन्ह. त्यावर टॅप केलं की गॅलरी, कॅमेरा, डॉक्युमेंट असे पर्याय येतात. इथे गॅलरी निवडायची नाही. डॉक्युमेंट निवडायचं. मग काही फोनवर ‘गॅलरीतून निवडा’ असं विचारलं जातं, ते निवडा. तसं नसेल तर फोनमधल्या फाइलींची यादी उघडते. कॅमेऱ्याचे फोटो ‘डीसीआयएम’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘कॅमेरा’ या फोल्डरात असतात. फाइलच्या नावात बहुतेक वेळा तारीख असते. सगळ्यात नवीन आधी अशी रचना करून घेतली की शोधणं सोपं जातं.

बरोबर गेला की नाही हे ओळखायची खूण साधी आहे. डॉक्युमेंट म्हणून गेलेल्या फाइलसोबत तिचं नाव आणि आकार लिहून येतो: इतके एमबी, जेपीजी. तिथे केबी नव्हे, एमबी दिसले की तुमची मूळ फाइल निघाली असं समजा. व्हॉट्सॲपवर अशी २ जीबीपर्यंतची फाइल जाते, म्हणजे फोटोच्या बाबतीत मर्यादेची चिंताच नको.

ऑगस्ट २०२३ पासून व्हॉट्सॲपवर एचडीचा पर्यायही आहे. फोटो पाठवण्याआधी तो मोठा दिसतो तेव्हा वरच्या बाजूला एचडी असं चिन्ह असतं, त्यावर टॅप करून एचडी निवडायचं. दर वेळी निवडायचं नसेल तर सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ या भागात मीडिया अपलोडचा दर्जा कायमचा एचडी करून ठेवता येतो. यात फोटो बराच चांगला जातो, पण मूळ फाइल तरीही जात नाही. आवळणं कमी होतं एवढंच. पाच बाय सातच्या फोटोला एचडी पुरे. मोठी फ्रेम, फ्लेक्स, अल्बम असेल तर डॉक्युमेंटच.

टेलिग्रामवर पिनमधून ‘फाइल’ निवडली की फोटो जसाच्या तसा जातो. तिथेही २ जीबीची मर्यादा आहे, पैसे भरणाऱ्यांना ४ जीबी. सिग्नलमध्ये फोटो पाठवताना दर्जा निवडता येतो, साधा किंवा उच्च. जीमेल जोडलेल्या फोटोला हात लावत नाही, पण एका मेलला २५ एमबीची मर्यादा आहे. चार-पाच एमबीचे फोटो असतील तर पाच झाले की थांबायचं. त्याहून जास्त जोडले तर जीमेल ते गुगल ड्राइव्हवर टाकून मेलमध्ये लिंक ठेवतं, आणि मग समोरच्याला ती उघडायची परवानगी दिली आहे की नाही हे तुम्हाला बघावं लागतं. परवानगी राहून गेल्यामुळे किती अर्ज अडकून राहतात! दोन मेल केलेले परवडतात.

साध्या एसएमएसमधून फोटो जात नाही. मेसेजच्या ॲपमधून फोटो जोडला तर तो एमएमएस होतो आणि त्याचे पैसे कापले जाऊ शकतात, किंवा दोघांच्याही फोनवर आरसीएस (मेसेजच्या ॲपची नेटवरून चालणारी सोय) चालू असेल तर इंटरनेटवरून जातो. दुसरं काहीच नसेल तेव्हाच ती वाट धरा.

फॉरवर्ड केलेल्या फोटोबद्दलही सांगायला हवं. कुटुंबाच्या ग्रुपवर आलेला फोटो तुम्ही मला पाठवता, तेव्हा तो आधीच आवळलेला असतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं ते. आता तो डॉक्युमेंट म्हणून पाठवूनही उपयोग नाही, गेलेलं परत येत नाही. ज्यानं काढला त्याच्याकडेच मूळ मागा. कुणाच्या डीपीचा स्क्रीनशॉट घेऊन तर छपाईला देऊच नका.

आयफोनवाल्यांसाठी

आयफोन २०१७ च्या आयओएस ११ पासून फोटो एचईआयसी नावाच्या प्रकारात साठवतो. जागा कमी लागते, दर्जा चांगला राहतो. पण डॉक्युमेंट म्हणून अशी फाइल पाठवली तर जुन्या कॉम्प्युटरवर ती उघडत नाही, आणि बऱ्याच सरकारी पोर्टलवर चढत नाही, तिथे जेपीजीच लागतं. तुमचे फोटो वारंवार छपाईला किंवा अर्जाला जात असतील तर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉर्मॅट्स उघडून ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडून ठेवा. तिथून पुढचे फोटो जेपीजीमध्ये निघतील. आधीचे आहेत तसेच राहतात.

कागदपत्राचा फोटो

मार्कशीट, सातबारा, दाखला यांचा फोटो काढून पाठवण्यापेक्षा स्कॅन करून पीडीएफ पाठवा. अँड्रॉइडवर गुगल ड्राइव्हमध्ये कॅमेऱ्याचं चिन्ह किंवा ‘स्कॅन’ असा पर्याय आहे. आयफोनवर नोट्स ॲपमध्ये ‘स्कॅन डॉक्युमेंट्स’ आहे. वेगळं ॲप घ्यायची गरज नाही, आणि कुठलंतरी फुकटचं स्कॅनर ॲप घेऊन त्याच्या हाती आपली कागदपत्रं देण्याची तर मुळीच नाही.

कागद खिडकीजवळ सपाट ठेवा. फ्लॅश बंद, नाहीतर लॅमिनेशनवर पांढरा डाग पडतो आणि नेमका सीट नंबर त्याखाली जातो. फोन कागदावर समांतर धरा, स्वतःची सावली बाजूला घ्या. ॲप कागदाच्या कडा स्वतः ओळखतं. चुकलं तर कोपऱ्यातले ठिपके ओढून बसवा. पुढचं पान त्याच फाइलमध्ये जोडता येतं, म्हणजे चार पानांची चार चित्रं न जाता एकच पीडीएफ जाते आणि पानांचा क्रम बिघडत नाही. पीडीएफ डॉक्युमेंट म्हणूनच जाते, त्यामुळे ती आवळलीही जात नाही. पाठवण्याआधी फाइलला नाव द्या. ‘दहावी मार्कशीट’ असं नाव असलेली फाइल समोरच्याला महिन्याभरानंतरही सापडते.

कागद मुळात डिजिटल असेल तर त्याचा फोटो काढायचा नाही. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून पीडीएफमध्ये मिळतो. ती पीडीएफच पुढे पाठवा. तिची प्रिंट काढायची, प्रिंटचा फोटो काढायचा आणि तो व्हॉट्सॲपवर टाकायचा, यात प्रत्येक पायरीला अक्षर फिकं होतं.

अर्जात फोटो ‘इतक्या केबीच्या आत’ हवा असतो तेव्हा उलटी अडचण असते: फाइल लहान करायची असते. इथे व्हॉट्सॲपचं आवळणं कामाला येतं. व्हॉट्सॲपवर स्वतःच्याच नंबरला मेसेज करता येतो. फोटो आधी मापात कापा, साध्या दर्जात स्वतःला पाठवा आणि आलेला फोटो सेव्ह करून त्याचा आकार बघा. बरेचदा तेवढ्यानं काम होतं. त्यासाठी ओळखपत्र कुठल्याही अनोळखी संकेतस्थळावर चढवू नका.

पैसे भरल्याची पावती

गुगल पे, फोनपे यांसारख्या ॲपमध्ये व्यवहार उघडला की पावती शेअर करायचा पर्याय असतो. स्क्रीनशॉटपेक्षा तो बरा. स्क्रीनशॉटमध्ये वरची पट्टी येते, मध्येच आलेला कुणाचातरी मेसेज येतो, आणि खालचा भाग सुटतो. पावतीत १२ अंकी यूपीआय व्यवहार क्रमांक स्पष्ट दिसतो आहे ना, ते बघा. अडचण आली तर बँकेला तोच लागतो.

दुकानदारांना मात्र एक कळकळीचं सांगणं: आलेली पावती म्हणजे आलेले पैसे नव्हेत. चित्र कुणालाही बनवता येतं. आपल्या खात्यात रक्कम जमा झाली की नाही ते आपल्याच ॲपमध्ये किंवा बँकेच्या मेसेजमध्ये बघा, मगच माल द्या.

फोटोसोबत काय काय जातं

कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला ती जागा लिहिलेली असते, वेळही असते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ही जागेची माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती तशीच जाते, कारण फाइल जशीच्या तशी जाते. म्हणजे घरातल्या मुलांचा फोटो अनोळखी माणसाला डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर घराचा पत्ताही दिल्यासारखंच झालं. जुनी वस्तू ऑनलाइन विकताना घरात काढलेले फोटो मेलवरून पाठवतात, तिथेही हेच. आयफोनवर शेअरची पट्टी उघडली की वर ‘ऑप्शन्स’ असतं, त्यात लोकेशन बंद करता येतं. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये लोकेशनचा पर्याय बंद करून ठेवा, म्हणजे पुढचे फोटो त्याविना निघतील.

कधी हीच माहिती हवी असते. शेतात पाणी शिरलं, पीक आडवं झालं, आणि फोटो नेमका कुठला आणि कधीचा हे दाखवायचं असेल तर मूळ फाइल जपून ठेवा आणि डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. कृषी सहायकाला कीड दाखवायची असेल तर जागा ओळीत लिहिलेली पुरते, पण फोटो एचडीमध्ये पाठवा. कपाशीचं बोंड उघडून आतल्या अळीचा जवळून एक, पूर्ण झाडाचा एक आणि लांबून शेताचा एक. सोबत गाव, पिकाचं वय आणि शेवटची फवारणी कधी व कशाची केली ते लिहा. एवढं असलं की उत्तर लवकर येतं.

आधार कार्डाबाबत जास्त सांभाळा. जिथे पूर्ण नंबर लागत नाही तिथे मास्क्ड आधार द्या. ते यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावरून उतरवता येतं. १२ पैकी पहिले ८ अंक त्यात झाकलेले असतात. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे आधारवरच्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, मोठ्या लिपीत, आणि जन्माचं वर्ष.

फोटोवरचा नंबर स्वतः झाकायचा असेल तर फोनमधल्या हायलायटरनं किंवा पातळ पेननं रेघोट्या मारू नका. ती रेघ आपल्याला काळी दिसते, पण बरेचदा अर्धपारदर्शक असते. फोटोचा उजेड वाढवला की खालचे अंक पुन्हा वाचता येतात. भरीव चौकोन ठेवा, नाहीतर तो भाग कापूनच टाका. मग त्या फोटोचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो पाठवा, म्हणजे मूळ फोटो त्याच्यामागून जाणार नाही.

फोटोच्या नावाखाली येणाऱ्या फाइली

पाठवण्याइतकंच उघडण्याचंही भान हवं. ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘चलनाची पावती’ अशा नावानं फाइल येते, आणि नावाच्या शेवटी एपीके असतं. तो फोटो नाही, ते फोनमध्ये बसणारं ॲप आहे, आणि त्यानं बँकेची खाती रिकामी झालेली आहेत. फोटोच्या फाइलचा शेवट जेपीजी, पीएनजी किंवा एचईआयसी असा असतो, कागदपत्राचा पीडीएफ. फोटो बघताना फोन कधीही ‘इन्स्टॉल करायचं का’ असं विचारत नाही. विचारलं तर तिथेच मागे फिरा, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी. त्याच्याही फोनवरून ती आपोआप गेलेली असू शकते.

चुकीच्या माणसाला गेला तर

व्हॉट्सॲपवर त्या फोटोवर बोट दाबून धरा, डिलीट निवडा आणि मग ‘सर्वांसाठी’. ‘माझ्यासाठी’ निवडलं तर तुमच्याकडून जातो, समोरच्याकडे तसाच राहतो, आणि मग तुम्हाला तो तिथून काढताही येत नाही. घाबरलेला माणूस नेमकं हेच करतो. हे दाबलंच तर लगेच खाली ‘पूर्ववत करा’ असं काही क्षण दिसतं, त्यावर टॅप करून परत नीट डिलीट करा. सर्वांसाठी डिलीट करायची मुदत दोन दिवसांपेक्षा थोडी जास्त आहे. तरी समोरच्याच्या फोनवर फोटो आपोआप सेव्ह झाला असेल, तर तो त्याच्या गॅलरीत राहू शकतो. म्हणून संकोच न करता त्याला सांगा: चुकून आला, काढून टाका.

‘एकदाच बघा’ अशी सोयही २०२१ पासून आहे. पाठवण्याच्या जागेशेजारी एकचा आकडा असलेलं गोल चिन्ह असतं, ते निवडायचं. असा फोटो सेव्ह किंवा फॉरवर्ड होत नाही, स्क्रीनशॉटही रोखला जातो. पण दुसऱ्या फोननं स्क्रीनचा फोटो काढायला कोण अडवणार? आणि छपाईला असा फोटो पाठवू नका, आम्हाला तो उतरवताच येत नाही.

झेरॉक्सच्या दुकानात पाठवलेलं कागदपत्र प्रिंट झाल्यावर तिथल्या फोनमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये राहतं. पैसे देताना दुकानदाराला सांगा, ‘फाइल काढून टाका’, आणि त्याच्यासमोर उभं राहून तुमच्या बाजूनं ‘सर्वांसाठी डिलीट’ करा. फाइल कॉम्प्युटरच्या डाउनलोडच्या फोल्डरात उतरवली असेल तर तिथूनही काढायला सांगा, आणि रिसायकल बिनही रिकामी करून घ्या. चांगला दुकानदार राग मानत नाही. आमच्याकडे कुणी असं सांगितलं की मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवतो आणि त्यांच्यादेखत काढतो.